उन्हात उमटलेला हात

राइलीच्या डाव्या हाताची अनामिका अर्धीच आहे. दुसरी अर्धी, पोरगी पोटात होती तेव्हा, लाकडं फोडायच्या यंत्रात गेली. उरलेल्या साडेनऊ बोटांनी आधी गायींच्या धारा काढल्या आणि मग दवाखान्यात गेले, असं ती आल्यागेल्याला सांगते. राइली बरंच काही सांगते. मी तेल्लेर्वो, तिची समोरच्या किनाऱ्यावरची शेजारीण. मधे तळ्याचा एक चिंचोळा पट्टा, त्यामुळे तिच्या अंगणात कोण हसलं, कोण रडलं, हे मी रेडिओ बंद केला की मला घरबसल्या ऐकू येतं. जन्मभर दर शनिवारी आम्ही दोघी एकाच सौनात, तापल्या दगडांच्या वाफेच्या खोलीत, एकाच फळीवर घाम गाळत बसलो. नागडं बसलेलं माणूस खोटं बोलत नाही असं आमच्या या सावो भागात समजतात. डोंबल!

तिची एकुलती एक लेक रीक्का. कॅन्सरने गेली तेव्हा तिची पोर हेल्का इतकी लहान होती की दफनाच्या वेळी फुलं मोजत बसली होती. जावई यार्मो लाकडाचा ट्रक चालवतो. गरीब माणूस. आणि अशा गरीब माणसांचा मला मनस्वी संताप येतो, कारण ती कुणाचं वाईट करत नाहीत आणि कुणाच्या बाजूने उभीही राहत नाहीत. दोन हिवाळे एकट्याने काढून त्याने मिन्नाशी लग्न केलं. मिन्ना दक्षिणेकडची, शहरातली, केस कापायच्या दुकानात काम करणारी. वाईट नव्हती हो. नुसती अवघडलेली असायची. सौनात दगडांवर पाणी टाकायची ते चहात दूध घातल्यासारखं, दोन थेंब.

"टाक की नीट! दगडांना काय सर्दी होणारे?" राइली म्हणायची.

मग मिन्ना भसकन अख्खा डाव ओतायची, वाफेने सगळ्यांचे कान भाजायचे आणि राइली माझ्याकडे बघून म्हणायची, "पाहिलंस? असंच करते ही सगळं. लापशीसुद्धा अशीच."

राइलीला हेल्का हवी होती. पोटातलं सांगते, दुसरं काहीच नको होतं तिला. रीक्काची खोली तशीच ठेवली होती, त्यात नवीन पलंग टाकला होता, पडदे शिवले होते. यार्मोला तिने तोंडावर सांगितलं होतं, "तू आठवड्यातले पाच दिवस रस्त्यावर. माझी नात परक्या बाईच्या हाती. एक दिवस मी तिला घेऊन जाईन, बघत राहा." यार्मो बघत राहिला. हेल्काही मिन्नाजवळ जात नसे. मिन्नाने वेणी घातली की ही बाथरूममध्ये जाऊन सोडायची आणि आजीकडे आली की "घाल" म्हणून पाठ करून बसायची. त्या अर्ध्या बोटाला धरून झोपायची ती. "आजी, हे बोट माझ्याएवढं आहे," म्हणायची.

आता युहान्नुसच्या शुक्रवारी काय झालं ते ऐका. ऐन उन्हाळ्यातला सण, सूर्य मावळायचं नाव घेत नाही, सगळा देश तळ्याकाठी. सौनासाठी बर्चच्या कोवळ्या फांद्यांची जुडी बांधतात, वास्ता. ती पाण्यात भिजवून पाठीवर, पायांवर सपासप मारून घ्यायची, अंग मोकळं होतं. राइलीच्या माहेरची रीत अशी की त्या जुडीत नळीच्या झाडाचं एखादं डहाळं खोचायचं. नळी म्हणजे शेपूच्या गोतावळ्यातलं झाड. पोकळ दांडा, डोक्यावर छत्रीसारखी फुलं, आणि वास असा की सौना देवळासारखी होते. तिच्या आईने होडीच्या धक्क्याजवळ लावलेलं, आता तिथे रानच माजलंय.

एक डहाळं खोचायची रीत. पण त्या दिवशी हेल्का जाऊन कवेत मावेल तेवढी नळी तोडून आली. "आईला हा वास आवडायचा ना? सगळी घाल, आजी." राइलीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, जे मी तिच्या नवऱ्याच्या मयतालाही पाहिलं नव्हतं. आणि तिने सगळी घातली. जुडीत बर्च कमी, नळी जास्त.

सौनात आम्ही चौघी होतो. राइली, मी, मिन्ना आणि पोर. हेल्काने सगळ्यांना धक्का देत म्हटलं, "माझ्या पाठीवर कुणीतरी मारा ना." राइली बादली भरायला वाकली होती, म्हणून मिन्नाने जुडी घेतली. इतक्या हलक्या हाताने मारली की माशी उडाली नसती. मी माझ्या या डोळ्यांनी पाहिलं. उलट हेल्काच म्हणाली, "तुला येतच नाही." मग सगळ्यांनी तळ्यात उड्या मारल्या, धक्क्यावर बसून सॉसेज खाल्ले. मी आपली झाडाखाली, पूर्ण बाह्यांचा सदरा घालून.

माझं हे बाह्यांचं प्रकरण गावाला हसायला पुरतं. दोन उन्हाळे माझ्या हातांवर, गळ्यावर लाल चट्टे उठायचे, आग आग व्हायची. मी साबण बदलला, स्ट्रॉबेऱ्या सोडल्या, मांजर बहिणीकडे पाठवलं. शेवटी निघालं काय, तर रक्तदाबासाठी लघवी व्हायची जी गोळी घेते ती. गोळी एकटी काही करत नाही, ऊन एकटं काही करत नाही, दोघं भेटली की मात्र माझं थोबाड टोमॅटो. दुसरी गोळी मला सोसत नाही, म्हणून सावलीत बसते. "तेल्लेर्वो लग्नाला चाललीये," असं राइली माझ्या सदऱ्याला म्हणायची.

मिन्नाला दुसऱ्या दिवशी दुकान होतं. ती आणि यार्मो रात्रीच गेले, पोर आजीकडे राहिली. शनिवारी कडकडीत ऊन. हेल्का दिवसभर पोहायच्या कपड्यात, होडीत. राइली मात्र गुडघे धरले म्हणून घरात. रविवारी दुपारी यार्मो येऊन पोरीला घेऊन गेला.

सोमवारी सकाळी पाळणाघरातल्या बाईने हेल्काचा सदरा बदलला आणि किंचाळली म्हणे. पाठीवर, खांद्यांवर, मांड्यांवर लालभडक पट्टे, एकावर एक, काहींवर पाण्याने भरलेले फोड. चाबकाने फोडून काढल्यासारखे.

"कुणी केलं गं हे?" बाईने विचारलं. "कुणी मारलं का?" हेल्काने बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, "मिन्नाने मारलं. सौनात."

झालं! बालकल्याणाची बाई आली, सरकारी दवाखान्यात नेलं. सुट्ट्यांचा मोसम, नेहमीचे डॉक्टर बेटावर, बदलीवर एक कोवळा पोरगा. तो म्हणाला, माराचे वळ असू शकतात, नाही असं सांगता येत नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. राइलीला फोन गेला. ती म्हणाली, "माझ्याकडून गेली तेव्हा पोर लोण्यासारखी होती." खरंच होतं ते. पुढे म्हणाली, "पण त्या बाईने सौनात मारलं होतं खरं. तेल्लेर्वोला विचारा." तेही खरंच. दोन खऱ्या गोष्टी अशा शेजारी शेजारी ठेवल्या बयेने, की खोटं आपोआप मधे येऊन बसलं.

मला विचारलं. मी म्हटलं, "अहो, वास्ताने मारलं, जसं आम्ही सगळेच मारतो. त्याला काय मारणं म्हणतात?" त्या बाईने मान हलवली, हसलीसुद्धा, पण पाठीचे फोटो तिच्या टेबलावर होते आणि माझे शब्द हवेत. चौकशी होईपर्यंत हेल्काला राइलीकडे ठेवायचं ठरलं. शनिवारी बाप येऊन दिवसभर नेऊ शकेल. मिन्ना बरोबर चालेल, पण पोरीबरोबर एकटी नको.

यार्मोने काय केलं सांगू? बायकोला विचारलं, "मारलंस का गं तू?" स्वयंपाकघरात, भांडी विसळता विसळता. ती माझ्याकडे येऊन हे सांगत होती तेव्हा तिला रडूही येत नव्हतं. "तेल्लेर्वो, तुम्ही होता ना तिथे? मी जोरात मारलं का? खरं सांगा. मलाच आता आठवेनासं झालंय."

"अगं, तुझ्या हातात जोर असता तर लापशीत गुठळ्या राहिल्या असत्या का?" मी म्हटलं. हसवायला म्हटलं. तिने मान खाली घातली.

इकडे राइलीचं घर उजळलं. पाण्यावरून हेल्काचं हसणं ऐकू यायचं. पट्टे करपून तपकिरी झाले, फोड बसले, आजी तिला मलम लावायची, मासे भरून पाव करायची. खरं सांगते, पोर इतकी सुखात मी रीक्का गेल्यापासून पाहिली नव्हती. त्यामुळे माझंही डोकं जरा मऊ झालं. पण एकदा मी तिथे असताना राइलीला बालकल्याणाच्या बाईचा फोन आला: पुन्हा काही दिसलं नाही, मिन्नाचं आधीचं काही वाईट नाही, यार्मो वकील बघतोय. असंच राहिलं तर महिनाअखेर पोर घरी जाईल.

राइलीने फोन ठेवला आणि धक्क्याकडे जाऊन नळीच्या रानाकडे बघत उभी राहिली. मला वाटलं, रीक्का आठवली असेल.

शुक्रवारी संध्याकाळी मी होडी वल्हवत नवे बटाटे द्यायला गेले. ऊन चांगलं झाडांच्या वर. राइली धक्क्यापाशी वाकून नळीचे दांडे कापत होती. हातात भांडी घासायचे पिवळे रबरी मोजे, पार कोपरापर्यंत.

"हे काय गं? मोजे कशाला?"

"काटे असतात."

"नळीला? कधीपासून?"

"तुला नाहीत लागत. तुझी कातडी म्हशीची," ती म्हणाली आणि दांड्यांची जुडी बांधली. बर्चची एक फांदी नव्हती त्यात. हेल्का पायरीवर बसून सगळं बघत होती. एरवी माझ्या होडीचा दोर पकडायला धावत यायची, त्या दिवशी जागची हलली नाही.

"आज सौना?" मी विचारलं. "मी येते की."

"आज नको. आज आम्ही दोघीच."

जन्मभरात पहिल्यांदा मला त्या सौनात नको म्हटलं गेलं. माझ्या नाकाला झोंबलं, खोटं कशाला बोलू. बटाटे पायरीवर आपटले आणि घरी आले. रागाच्या भरात माणसाला दिसलेलं दिसत नाही. ते मोजे मी पाहिले, पण रात्रभर माझ्या डोक्यात एवढंच, की मला नको म्हणते म्हणजे काय.

शनिवारी यार्मो आणि मिन्ना आले, पोरीला तळ्यावर पोहायला घेऊन गेले. स्वच्छ ऊन. मिन्नाने तिच्यासाठी नवा पोहायचा पोशाख आणला होता, लाल, खांद्यावर पट्ट्यांचा. यार्मो मधेच आइस्क्रीम आणायला दुकानात गेला. गेला तो गेला, दोघींना वाळूवर सोडून. मूर्ख मेला. एवढी एकच गोष्ट करायची नव्हती.

सोमवारी राइलीने स्वतः बालकल्याणाला फोन केला. आवाज कापत होता म्हणे. पोरीच्या पाठीवर पुन्हा पट्टे, पहिल्यापेक्षा वाईट, आणि खांद्यावर पंजा. "शनिवारी एकटं सोडलं होतं त्यांना, तो जावई स्वतः कबूल करतोय," ती म्हणाली.

मी ऐकलं आणि मला ते पिवळे मोजे असे दिसले की हातातली किटली मी तशीच चुलीवर रिकामी ठेवली. होडी काढली. राइली अंगणात चादरी वाळत घालत होती.

"राइली, हातमोजे का घातले होतेस?"

"सांगितलं ना. काटे."

"मला शिकवतेस? नळीच्या रसाने होतं हे. माझ्या गोळीने होतं तसंच. रस आणि ऊन. पहिल्यांदा तुला माहीत नव्हतं, मान्य. दुसऱ्यांदा?"

तिने चादरीची सुरकुती काढली, चिमटा लावला. "पहिल्यांदा माझ्याही मनगटावर आलं होतं. खिडकीशी बसले होते तेवढ्या जागेवर. तेव्हा कळलं." मग माझ्याकडे वळली. "जा, सांग. सांग की राइली आपल्या नातीला भाजते. कोण ऐकेल? तुझं एकदा ऐकलंय ना त्यांनी?"

"अगं, लेकरू आहे ते! फोड आलेत तिला!"

"फोड बरे होतात," राइली म्हणाली. "माझी रीक्का बरी झाली नाही. ही पोर त्या बाईच्या घरी जाऊन रोज थोडी थोडी मरेल त्यापेक्षा दोन दिवस पाठ जळली तर जळू दे. तुला पोर नाही, तुला काय कळणार."

हे ती मला पहिल्यांदा बोलली. आमच्यात हे बोलायचं नाही असं ठरलेलं होतं, न बोलता. मी परत होडीत बसले आणि वल्ही इतकी जोरात मारली की एक कड्यातून निसटलं.

त्याच दुपारी मी मिन्नाला फोन केला. नळी, रस, ऊन, मोजे, सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, "म्हणजे मी मारलं नाही."

"नाही गं बाई."

"यार्मोला तुम्ही सांगाल? मी सांगितलं तर..."

दुसऱ्यांदा पट्टे उठले म्हणून बालकल्याणाच्या बाईने शहरातल्या मोठ्या दवाखान्यातल्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं पोरीला. खोलीत आम्ही सगळेच. बालकल्याणाची बाई, यार्मो भिंतीला टेकून, मिन्ना दाराशी, राइली खुर्चीवर मांडीत पर्स घेऊन, आणि साक्षीला मी. डॉक्टरीणबाई वयस्क, पायात सपाता, घाई नाही. त्यांनी पोरीला आधी गोष्टीचं पुस्तक दिलं, मग पाठ पाहिली.

"काही गोळ्या चालू आहेत? तापाच्या, गोचीड चावली म्हणून, कसल्याही? काही गोळ्यांनी ऊन बाधतं."

"नाही," राइली म्हणाली.

"अंगाला अत्तर, क्रीम, ऊन लागू नये म्हणून लावतात ते? कधी कधी तेच बाधतं."

"माझ्या घरात साबणाशिवाय काही नाही."

"काही आजारांत ऊन लागलं की कातडी पेटते. त्यासाठी रक्त तपासलं, ते स्वच्छ आहे. आईला उन्हाचा पुरळ यायचा का?"

"दर मे महिन्यात," राइली घाईने म्हणाली. "रीक्काला यायचा. तिचंच आलं असेल पोरीत."

बघा आता. बाण उलटतोय असं वाटलं तशी मेलेल्या लेकीच्या मागे लपली.

"तो बारीक असतो, पहिल्या उन्हाला येतो, खाजतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आतून येणारं काही असं रेघा मारून येत नाही. याला कडा आहेत, म्हणजे हे बाहेरून लागलंय. आणि मार म्हणाल तर मारही नाही." त्यांनी पोरीच्या पाठीवरून हवेत बोट फिरवलं. "हा पट्टा इथे थांबतो, बरोबर पोशाखाच्या काठाशी. पलीकडे पुन्हा सुरू. मारणारा कापडापाशी थांबत नाही. ऊन थांबतं. कुठल्यातरी झाडाचा रस आहे हा. पोर कुठल्या झाडात खेळली होती?"

"कुठल्याच नाही," राइली म्हणाली.

मी तोंड उघडणार होते. उघडलंही असेन. पण डॉक्टरीणबाईंनी तोवर पोरीचा खांदा दिव्याखाली घेतला होता. तिथे पंजा होता, लाल, फुगलेला, आरशात उमटावा इतका स्पष्ट. वाफेत फळीवरून पोर घसरू नये म्हणून कुणीतरी ओल्या हाताने धरली असेल तसा. त्यांनी स्वतःचा हात त्यावर न टेकवता धरून पाहिला, अंगठा, तर्जनी, मधलं बोट. मग थांबल्या.

"हे बोट पूर्ण का नाही?"

सगळ्यांनी त्या खांद्याकडे पाहिलं आणि मग, काय करणार, सगळ्यांनी राइलीच्या मांडीकडे पाहिलं. डावा हात पर्सवर होता. तिने तो हळूच उजव्या हाताखाली घातला. इतक्या वर्षांत तिला ते बोट झाकताना मी पहिल्यांदा पाहिलं. यार्मो भिंतीपासून सरळ झाला. गरीब माणूस शेवटी बोलला, आणि बोलला काय, तर "सासूबाई" एवढंच.

"धरली असेन मी तिला, आजी आहे मी," राइली म्हणाली. "झाडाचं मला काय माहीत? कसलं झाड?"

आणि तेव्हा हेल्काने पुस्तक मिटलं. ती पलंगावरून उतरली, उघड्या अंगाने, आणि आजीच्या पुढ्यात उभी राहिली, आमच्या सगळ्यांकडे तोंड करून.

"आजीला ओरडू नका," ती म्हणाली. "आजी नको म्हणत होती. तिने एकदाच मारलं आणि ती रडायला लागली. मीच म्हटलं, अजून मार, म्हणजे मला जावं लागणार नाही. मीच उन्हात बसले. मी मुद्दाम बसले. मिन्ना म्हणाली सावलीत ये, मी नाही गेले."

पोरीला वाटलं ती आजीला वाचवतेय. अगं बाई गं. बालकल्याणाच्या बाईने पेन खाली ठेवलं. राइलीने डोळे मिटले. मी मिन्नाकडे पाहिलं. तिच्या अंगावरचा आळ त्या घडीला धुऊन निघाला होता. सहा वर्षांच्या पोरीने सगळ्यांसमोर सांगितलं होतं की मिन्नाने काही केलं नाही. आणि हेही सांगितलं होतं, की मिन्नाच्या घरी जाण्यापेक्षा तिला भाजून घेणं बरं वाटलं. मिन्नाने दाराची मूठ धरली आणि धरूनच राहिली.

हेल्का त्याच दिवशी यार्मो-मिन्नाच्या गाडीत बसून गेली. किंचाळत गेली. राइलीला भेटायची बंदी झाली, कधीपर्यंत ते कुणी सांगत नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी राइली उघड्या हातांनी नळीच्या रानात शिरली आणि एकेक झाड उपटून तळ्यात फेकलं. मोजे नाही, बाह्या नाहीत. मी माझ्या किनाऱ्यावरून ओरडले, "अगं, सावलीत जा!" तिने ऐकलं नाही, की ऐकून ऐकलं नाही. तिचे हात नंतर कसे झाले ते मी सांगत नाही. मला दया आली, पण मी होडी काढली नाही. शनिवारी आता मी घरीच टबात अंघोळ करते.

सप्टेंबर सरताना मी लिंगनबेऱ्यांची, त्या आंबट लाल रानफळांची, बादली घेऊन यार्मोकडे गेले. मिन्नाने दार उघडलं, वाळलेली. "आत या. ती गच्चीत आहे. थंडी आहे, पण ऐकत नाही."

हेल्का गच्चीच्या कठड्यापाशी स्टुलावर बसली होती. अंगात लोकरीचा स्वेटर, पण एका बाजूने खाली ओढलेला, खांदा उघडा, उन्हाकडे केलेला. उन्हात आता काही दम नव्हता. खांद्यावर फिकट तपकिरी डाग, पंजा म्हटलं तर पंजा, नाहीतर नुसता डाग.

"तेल्लूआजी, दिसतोय का अजून?"

"काय गं?"

"आजीचा हात. ऊन लागलं की येतो ना? डॉक्टर म्हणाल्या ऊन लागलं की येतो. मी रोज बसते. तो जातोय."

डॉक्टरही चुकीचं बोलल्या नव्हत्या आणि पोरही चुकीचं समजली नव्हती. "दिसतोय," मी म्हटलं. "चांगला दिसतोय."

मिन्ना मागून आली, हातात शाल. "हेल्का, आता आत चल, गारठशील."

हेल्काने मागे न बघता खांदा पुढे केला. "आधी कर."

मिन्नाने माझ्याकडे पाहिलं. तिला लाज वाटत होती, माझ्यासमोर. मग तिने शाल कठड्यावर ठेवली, डाव्या हाताची अनामिका दुमडून तळव्यात घट्ट धरली आणि उरलेला हात त्या डागावर ठेवला. पोरीने डोळे मिटले. गाल त्या हाताला लावला.

"रोज असंच," मिन्ना अगदी हळू म्हणाली. "बोट सरळ केलं की झटकून टाकते."

मी बादली घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि बेऱ्या निवडायला बसले.